तीन रोल फ्रिजमध्ये आहेत, धुवायला कुणाकडे देऊ?

प्रश्न : चिपळूणजवळच्या गावातलं आमचं कौलारू घर या मे महिन्यात उतरवलं. लहानपणी मामा गणपतीत पडवीत चादर बांधून स्लाइड दाखवायचा, म्हणून घराची आठवण स्लाइडवरच ठेवायची असं ठरवून मी एक्टाक्रोम ई१०० या कोडॅकच्या स्लाइड फिल्मचे सहा रोल मागवले होते. गेल्या सप्टेंबरात सरावाचा पहिला रोल कासच्या पठारावर काढला. तो एका लॅबनं धुतला तर निगेटिव्ह होऊन आला, रंगही भलतेच. दुसरा कुरिअरनं दुसऱ्या लॅबला पाठवला. स्लाइड आल्या, पण काळपट, आणि सोबत पाठवलेले स्कॅन हिरवट. घराचे तीन रोल काढून फ्रिजमध्ये ठेवले आहेत. एकात अंगण आणि बाहेरून घर, एकात माजघर आणि चूल, एकात पडवीत बसलेली आजी. एक रोल कोरा उरला आहे. घर आता नाही, पुन्हा काढता येणार नाही. खात्रीची लॅब सांगा. स्लाइड माउंट करून, म्हणजे चौकटीत बसवून, घेऊ का, तेही सांगा. मामाचा प्रोजेक्टर माळ्यावर आहे. — एक वाचक, चिपळूण

उत्तर :

ताई, ते तीन रोल आहेत तिथेच राहू द्या. प्लॅस्टिकच्या डबीत, डबी झिपच्या पिशवीत, पिशवी फ्रिजमध्ये. आणखी दोन महिने गेले म्हणून त्यातली चित्रं कुठे जात नाहीत. घाईनं चुकीच्या टाकीत पडले तर मात्र गेलेच म्हणून समजा. तुमचं पत्र वाचून मला आधी धास्ती वाटली ती याचीच, की उत्तर येईपर्यंत तुम्ही ते कुणाकडे तरी देऊन बसाल.

लॅबचं नाव मी देणार नाही. टाळाटाळ म्हणून नाही. आज जिथे काम चोख होतं तिथला जाणता माणूस नोकरी सोडून जातो, येणारे रोल कमी होतात, टाकीतलं रसायन शिळं होतं, आणि त्याच पाटीखाली सहा महिन्यांनी काम बिघडतं. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की नावावर विसंबायचं मी सोडून दिलं. लॅबची सवय बघायची. ती कशी ओळखायची ते सांगतो, पण त्याआधी तुमच्या दोन बिघडलेल्या रोलचं बोलू. त्यांनी बरंच काही सांगितलेलं आहे.

पहिला रोल सी-४१ मध्ये धुतला गेला. रंगीत निगेटिव्हची ही रोजची प्रक्रिया. गल्लीतल्या मिनीलॅबमध्ये जे मशीन असतं ते हेच करतं आणि एवढंच करतं. तुमच्या फिल्मला हवी होती ई-६, ही स्लाइड फिल्मची प्रक्रिया. काउंटरवरच्या मुलाला ३५ मिलिमीटरचा रोल दिसला, त्यानं तो रोजच्या मशीनला लावला. असं माझ्याही बाबतीत झालं आहे. १९९८ च्या पावसाळ्याच्या शेवटी सकाळी आठच्या सुमारास आम्ही हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभे होतो, पाठीशी ऊन, समोर दरीभर धुकं, आणि त्या धुक्यावर इंद्रवज्र उमटलं. पुरतं गोल इंद्रधनुष्य आणि त्याच्या मधोमध आपलीच सावली. मी तेव्हा अर्धा रोल त्यावर खर्च केला. शहरात आल्यावर लॅबच्या पाकिटातून पट्टी काढून खिडकीसमोर धरली. निगेटिव्हला असतो तसा नारिंगी रंग नाही, तळ काचेसारखा फिकट हिरवट, आणि इंद्रवज्राच्या जागी एक काळसर कडं. रोलवर प्रक्रियेचं नाव छापलेलं होतं, मी तोंडीही सांगितलं होतं. पण पाकिटावर लिहिलं नव्हतं. रोल धुणारा माणूस आत असतो, आपण बोलतो ते काउंटरवरच्याशी, आणि दोघांच्या मध्ये असतं फक्त ते पाकीट.

तेव्हापासून मी दोन ठिकाणी लिहितो. डबीवर कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर इंग्रजीत ठळक अक्षरात ‘ई-६’ आणि त्याखाली ‘सी-४१ नको’. हेच पुन्हा पाकिटावर. पावतीवर काय लिहिलं तेही तिथेच उभं राहून वाचतो.

एकदा सी-४१ मधून गेलेली फिल्म पुन्हा स्लाइड होत नाही. तरी कासचा रोल फेकू नका. चांगल्या स्कॅनरवर निगेटिव्ह म्हणून स्कॅन केला तर रंग भडक आणि वाकडे येतील, पण चित्रं दिसतील. त्यातली काही काळ्या-पांढऱ्यात बरी वाटतील.

दुसऱ्या रोलचं कोडं जास्त महत्त्वाचं, कारण ती लॅब तुम्ही पुन्हा वापरायची की नाही हे त्यावर ठरणार. आधी स्कॅन बाजूला ठेवा. स्कॅनर आपल्या मनानं रंग हलवतो. लॅबनं फोनवर पाठवलेल्या स्कॅनवरून धुलाईचा निवाडा करता येत नाही, चांगला नाही आणि वाईटही नाही. फिल्म हातात घ्या. फोनवर पूर्ण पांढरा पडदा लावून उजेड पूर्ण वाढवा, त्याच्या बोटभर वर पट्टी धरा आणि भिंगातून पाहा.

चित्रांकडे पाहू नका. आधी दोन चित्रांच्या मधली पट्टी आणि छिद्रांची कड पाहा. तिथे प्रकाश कधी पोचलेलाच नाही, म्हणून स्लाइडमध्ये ती जागा गडद, निखळ काळी हवी. राखाडी, तपकिरी किंवा हिरवट काळी असेल तर रसायनात खोट आहे, नाहीतर फिल्म जुनी किंवा उन्हात तापलेली. तुमची फिल्म नवी आहे, गाडीच्या डॅशबोर्डवर राहिली नसेल, तर बोट रसायनाकडेच जातं. मग कडेवरचे आकडे आणि फिल्मचं नाव पाहा. ती अक्षरं कारखान्यात ठरलेल्या प्रकाशानं उमटवलेली असतात. तुमच्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी काही संबंध नाही. अक्षरं लख्ख आणि चित्रं काळपट, तर प्रकाशमापन तुमचं चुकलं. अक्षरंही मंद आणि चित्रंही काळपट, तर पहिल्या डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या पहिल्या रसायनात, फिल्म कमी शिजली. शेवटी रोलचं सुरुवातीचं टोक पाहा, जे कॅमेऱ्यात भरताना उजेडात येतं. लॅबनं ते कापून टाकलं नसेल तर ते काचेसारखं आरपार दिसायला हवं. तिथे मळकट राखाडी थर असेल आणि चित्रातले उजळ भागही मळल्यासारखे असतील, तर ब्लीच, म्हणजे चित्र उमटवणारी चांदी काढायची तयारी करणारं रसायन, कमी पडलं आणि फिल्ममध्ये ती चांदी अडकून राहिली. असं असेल तर बरंच म्हणायचं, कारण हा दोष निघतो. तोच रोल पुन्हा ताज्या ब्लीच आणि फिक्सरमधून काढला की अडकलेली चांदी जाते आणि रंग मोकळे होतात. लॅबला तसं स्पष्ट सांगा.

या सगळ्यात पहिल्या डेव्हलपरचं नाव पुन्हा पुन्हा का येतं, ते समजून घ्या. ई-६ मध्ये फिल्म दोनदा डेव्हलप होते. पहिल्या डेव्हलपरमध्ये रंग नसतोच, तिथे साधं काळं-पांढरं निगेटिव्ह तयार होतं. मग रिव्हर्सल बाथ. प्रकाश न लागलेले जे चांदीचे क्षार उरले आहेत त्यांना तो डेव्हलप होण्याजोगे करतो. मग कलर डेव्हलपर त्या उरलेल्या जागी रंग भरतो. पुढे प्री-ब्लीच, ब्लीच, फिक्सर, धुणं आणि शेवटचं स्नान. चांदी निघून जाते, मागे फक्त रंग राहतात. म्हणजे पहिल्या डेव्हलपरनं जितकं खाल्लं त्यावर पुढे रंगाला किती जागा मिळणार ते ठरतं. तो कमी चालला तर स्लाइड काळी, जास्त चालला तर फिकट, नेमकं निगेटिव्हच्या उलट. तिथे वेळ ६ मिनिटं, तापमान ३८ अंश, आणि इकडेतिकडे मुभा अंशाच्या तिसऱ्या हिश्शाइतकी. घरातला ताप मोजायचा थर्मामीटर हातात घेऊन ०.३ अंश म्हणजे किती ते पाहा, आणि तेवढंही टाकीतल्या पाण्यानं हलायचं नाही अशी कल्पना करा. निगेटिव्हमध्ये अशी चूक प्रिंट काढताना सावरता येते. स्लाइडमध्ये फिल्म हेच शेवटचं चित्र, सावरायला पुढे कुणी नाही.

आता लॅबचं. फोन केल्यावर ‘ई-६ करता का’ असं विचारू नका, त्याला ‘हो’ हेच उत्तर येतं. ‘ई-६ कोणत्या वारी लावता’ असं विचारा. जो खरोखर हे काम करतो त्याच्याकडे याला ठरलेलं उत्तर असतं : दर दुसऱ्या शनिवारी, किंवा आठ-दहा रोल जमले की. ‘कधीही टाका, उद्या मिळेल’ हे उत्तर, स्लाइडचे रोल इतके कमी झालेल्या आजच्या काळात, मला काळजीत टाकतं. कारण सांगतो. मोठ्या मशीनच्या टाकीतला डेव्हलपर जिवंत राहतो तो फिल्म चालत राहिली तरच. जितकी फिल्म जाते तितकं ताजं रसायन आत येतं. फिल्म आली नाही की तो नुसता हवेला लागून शिळा होतो, पाणी उडून घट्ट होतो. वर्दळ होती तेव्हा अशा मशीनवर डोळे मिटून रोल द्यावा असे दिवस होते. आज महिन्याला चार रोल येणाऱ्या जागी तेच मशीन घातक. त्याउलट एखाद्या छोट्या खोलीत जोबो कंपनीचं फिरत्या ड्रमचं यंत्र असलेला माणूस रोल जमेपर्यंत थांबतो, त्या दिवशी ताजं रसायन कालवतो, एकदा वापरतो आणि ओतून देतो. त्याच्याकडे थांबावं लागतं, पण मी त्याच्याकडे थांबेन.

दुसरा प्रश्न कंट्रोल स्ट्रिपचा. फिल्मची ही छोटी पट्टी कारखान्यात ठरलेल्या प्रकाशानं टिपलेली असते आणि लॅब ती फ्रीझरमध्ये ठेवते. रोल लावताना एक पट्टी सोबत जाते. धुऊन आली की तिच्यावरच्या पायऱ्यांची घनता डेन्सिटोमीटरवर मोजतात, मूळ आकड्यांशी ताडतात आणि तक्त्यावर टिंब टाकतात. टिंबं रेषेजवळ राहिली की प्रक्रिया ठीक. ‘शेवटची स्ट्रिप कधी चालवली, तक्ता बघायला मिळेल का’ असं मोकळेपणानं विचारा. ज्याच्याकडे तक्ता आहे तो तो आनंदानं दाखवतो, त्याच्या कष्टाचं तेवढंच तर दिसणारं फळ. लहान लॅबकडे डेन्सिटोमीटर नसला तरी मी लगेच दार लावून घेत नाही. पण मग तो आपल्या धुलाईची परीक्षा कशी करतो हे त्यानं सांगितलं पाहिजे.

तिसरा प्रश्न : रसायनांचं किट तीन बाथचं, म्हणजे तीन द्रावणांचं, की सहाचं? तीन बाथच्या किटमध्ये ब्लीच आणि फिक्सर एकाच द्रावणात असतात. ताजं असेल तर ते चालतं, पण दमलेल्या द्रावणात चांदी मागे राहण्याचा धोका वाढतो. शिवाय अशा किटमध्ये शेवटचं स्टॅबिलायझर कुणी गाळलं तर काही वर्षांनी रंग उतरू लागतात. पुन्हा न येणाऱ्या चित्रांसाठी मी सहाच मागेन.

लॅब इतक्या थोड्या का उरल्या, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगावंसं वाटतं. कोडॅकनं २०१२ मध्ये स्लाइड फिल्म बंद केली आणि एक्टाक्रोम परत आणली ती २०१८ मध्ये. फुजीची प्रोव्हिया आणि व्हेल्विया होती, पण मागणी आटत गेली तशी लॅबवाल्यांनी ई-६ ची मशीनं काढून टाकली, आणि फिल्म परतली म्हणून मशीनं परत आली नाहीत. कोडाक्रोमचं तर आणखी वाईट झालं. १९३५ पासूनची ती फिल्म, तिची प्रक्रिया वेगळी आणि किचकट. शेवटी जगात ती धुणारी एकच लॅब राहिली, अमेरिकेत कॅन्ससमधल्या पार्सन्स गावची ड्वेन्स. २०१० संपताना तिनंही थांबवलं. कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरींना मिळाला आणि त्यातली काही चित्रं त्यांनी मुंबईत काढली. मामांच्या कपाटात न धुतलेला कोडाक्रोम सापडलाच तर तो कुठल्याही ई-६ लॅबला देऊ नका, त्यात तो नासतो आणि दुसऱ्यांचं रसायनही नासवतो.

आता तुमचा कोरा रोल. त्यावर चांगली चित्रं काढायचा मोह आवरा, तो परीक्षेसाठी ठेवा. सकाळी नऊ-दहाच्या उन्हात, घराचे रोल ज्या कॅमेऱ्यानं आणि ज्या मीटरनं काढले त्यांनीच, एकच दृश्य काढा. दोरीवर धुतलेलं पांढरं धोतर किंवा साडी, शेजारी एका माणसाचा चेहरा, मागे केळीची पानं, कडेला काळपट लाकडी दार. मीटर सांगेल तसं एक, अर्धा स्टॉप कमी एक, अर्धा स्टॉप जास्त एक (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). हीच तिकडी रोलच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, म्हणजे धुलाई सगळीकडे सारखी झाली का ते कळेल. प्रत्येक चित्राचा आकडा वहीत लिहा. मधल्या जागा तुमच्या.

हा रोल निवडलेल्या लॅबला पाठवताना पाकिटावर लिहा : ई-६ नॉर्मल, कापू नका, माउंट नको, सुरुवातीचं टोक ठेवा, स्कॅन नको. लांबच्या लांब पट्टी हातात आली की काळी कड, अक्षरं, आरपार टोक, पांढरी साडी, याच क्रमानं पाहा. साडी पांढरी आणि तिचे पीळ दिसत असतील, काळं काळं असेल, तर त्याच लॅबच्या पुढच्या वारी अंगणाचा रोल द्या. तिन्ही एकदम देऊ नका, लॅब कितीही चांगली असली तरी. अंगणाचा रोल नीट आला की माजघराचा, आणि आजींचा सगळ्यात शेवटी.

परीक्षेच्या रोलमधली कड आणि अक्षरं चांगली पण चित्रं सगळीच अर्धा स्टॉप काळी असतील, तर तुमचा मीटर कमी प्रकाश देतो आहे आणि घराचे रोलही तसेच निघणार. यावर उपाय आहे. पहिल्या डेव्हलपरचा वेळ वाढवला की स्लाइड उजळते. पूर्ण एका स्टॉपसाठी ६ ऐवजी साधारण ८ मिनिटं. लॅबला आधी ‘क्लिप टेस्ट’ करायला सांगा. रोलच्या सुरुवातीची दोन-तीन चित्रांची लांबी कापून तेवढीच धुतात, ती पाहून उरलेल्या रोलचा वेळ ठरवतात. कापताना एखादं चित्र मधोमध जातं, ते सोसायचं. पूर्वी जाहिरातीचं काम करणारे छायाचित्रकार मोठ्या कामाला हे सर्रास करून घेत.

घरी धुण्याचं कुणी सुचवेल. तो छंद चांगला आहे, शिकायला हरकत नाही, पण या तीन रोलवर नको.

रोल मुंबईला पाठवायचे असतील तर मला कुरिअरपेक्षा कोकण रेल्वेनं जाणारा ओळखीचा माणूस बरा वाटतो. खिशात रोल, उतरल्यावर थेट लॅबमध्ये. कुरिअरच करायचं तर हवाबंद पिशवी, वर टणक डबा, आणि पावसातल्या शनिवार-रविवारी पार्सल गोदामात पडून राहणार नाही असा सोमवार. विमानानं कुणी नेणार असेल तर रोल हातातल्या पिशवीतच हवेत, सामानात टाकायच्या बॅगेत कधीच नाही, तिथले एक्स-रे फिल्म खराब करतात. काही विमानतळांवर हातातल्या बॅगेसाठीही नवे सीटी स्कॅनर आले आहेत, तेही फिल्मला वाईट. तिथे हातानं तपासायची विनंती करावी. आणि फ्रिजमधून काढलेली डबी लगेच उघडू नका. बाहेर तास-दीड तास ठेवा, नाहीतर चिपळूणच्या हवेत फिल्मवर दव बसेल.

माउंट तुम्ही घरी करा. दोन इंची चौकटी मिळतात, कापसाचे मोजे आणि धारदार कात्री एवढंच लागतं, आणि चित्र कापायचं की काळी पट्टी ते डोळ्यांनी बघून ठरवता येतं. उरलेल्या पट्ट्या पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्यांत ठेवा, मऊ पीव्हीसीच्या पाकिटात नको. कोकणातल्या पावसात स्लाइडला बुरशी धरते, ती फिल्मवरचं जिलेटिन खाते आणि जाळ्यासारखी नक्षी मागे ठेवते. घट्ट झाकणाचा डबा आणि आत सिलिका जेल, आणि रंग बदलला की ते तव्यावर मंद आचेवर सुकवून परत.

मामांचा प्रोजेक्टर माळ्यावरून काढला की आधी वायर आणि पंखा तपासून घ्या, भिंगावर बुरशी आहे का पाहा. पहिल्यांदा त्यात त्या काळपट रोलच्याच स्लाइड लावा, अडकल्या किंवा तापल्या तरी नुकसान नाही. आजींचा रोल दाखवाल त्या दिवशी एक स्लाइड अर्ध्या-पाऊण मिनिटापेक्षा जास्त लावून ठेवू नका, दिव्याच्या उजेडानं रंग उतरतात. आजी ‘थांब जरा’ म्हणाल्या तर ती काढून पुढची लावा, आणि थोड्या वेळानं पुन्हा तीच दाखवा.